बुबुळ रंगवताना लांब बघावं

२ फेब्रुवारी

आज पुन्हा एक बाई मला 'डॉक्टर' म्हणाल्या आणि पुन्हा मी त्यांना थांबवलं. मी डॉक्टर नाही. मी डोळे करतो. ज्यांचा एक डोळा गेला आहे त्यांना उरलेल्या डोळ्याच्या जोडीचा, बघू न शकणारा पण बघतो आहे असं वाटणारा डोळा. ही विद्या मला कुणी शिकवलेली नाही. खेळण्यांच्या कारखान्यात चेहरे रंगवत होतो, तिथून एका टाकून दिलेल्या पुस्तकाच्या आणि पुष्कळ वाया घालवलेल्या मालाच्या जोरावर इथवर आलो. फुशारकी नाही, वस्तुस्थिती लिहितो.

बाई रंगांच्या दुकानात रंग जुळवण्याचं काम करतात. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा घेऊन येतं, बाई डब्यात तोच रंग करून देतात. गेल्या वर्षी थिनरचा डबा फुटला आणि उजवा डोळा गेला. सोबत मोठी बहीण होती.

"डॉक्टर नाही, तर मग काय म्हणू?" बाई म्हणाल्या.

"डॉक्टर सोडून काहीही."

"मास्तर म्हणते."

शिंप्याला म्हणतात तसं वाटलं, पण चालेल म्हणालो.

ताई म्हणाल्या, "मास्तर, डोळा दृष्ट लागेल असा करा. दोन डोळे होते तेव्हा हिला एकही माणूस पसंत पडला नाही. आता एका डोळ्यानं तरी जरा कमी पारखेल."

"ताई, साचा घेतायत, हसवू नकोस."

मी साच्याकडे लक्ष ठेवलं. डोळ्याची खोबण उत्तम आहे. स्नायू शाबूत आहेत. काम चांगलं होईल.

९ फेब्रुवारी

मेणाचा नमुना बसवून पाहिला. वरची पापणी किंचित अडखळते, तिथे खरवडायला हवं.

बाई ठरल्या वेळेच्या बऱ्याच आधी आल्या. म्हणाल्या, इकडूनच चालले होते. त्यांचं दुकान गावाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, त्यामुळे हे काही पटलं नाही. थर्मासमध्ये चहा आणला होता आणि पेले दोन. दुसरा ताईंसाठी असणार. त्या आल्या नव्हत्या म्हणून मी घेतला.

"घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"कोणी नाही."

"मग स्वयंपाक?"

"मीच करतो." मग स्टोव्हची वात कशी कापली म्हणजे काजळी धरत नाही ते त्यांना सविस्तर सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. अशी चौकस माणसं दुर्मीळ.

डाव्या बुबुळाची नोंद करून घेतली. कडेला शेवाळी, आतल्या बाजूला मधासारखा पिवळा. बाई म्हणाल्या, "मधासारखा नाही, जुन्या वार्निशसारखा." भिंग लावून पुन्हा पाहिलं. वार्निशच. हे मी सहसा कुणाचं कबूल करत नाही.

शेजारच्या गाळ्यात दातवाला आहे. कवळ्या करतो, माझा एकुलता एक मित्र. त्यानं दारातून डोकं घातलं. "काय नेत्रसम्राट, दाढी दोनदा केलीस की काय आज?" केली होती. पहिली नीट झाली नव्हती म्हणून.

१६ फेब्रुवारी

बुबुळ रंगवण्याचा एक नियम आहे. बसणाऱ्यानं लांब बघायचं. जवळ बघितलं की मधला काळा ठिपका आकसतो आणि नजर गोळा होते. तसाच रंगवला तर तो डोळा जन्मभर समोरच्याला निरखत असल्यासारखा दिसतो. म्हणून माझ्याकडे बसायची खुर्ची खिडकीपाशी आहे. खिडकीतून गावाबाहेरची टेकडी दिसते. बाईंना सांगितलं, टेकडीकडे बघा, माझ्याकडे मुळीच बघायचं नाही.

त्यांनी टेकडीकडे बघितलं. पूर्ण वेळ.

आता पुढचं लिहायला बरं वाटत नाही. त्यांनी माझं ऐकलं याचंच मला वाईट वाटलं. मी इतका जवळ होतो की त्यांचा श्वास माझ्या हाताला लागत होता, आणि त्या माझ्या खांद्यावरून अशा बघत होत्या जणू मी खिडकीचा गज आहे. चुकूनही नजर वळली नाही. एकदा त्यांच्या ओठांवर हसू आलं. टेकडीवर हसण्यासारखं काय आहे? मी मागे वळून पाहिलं. काही नव्हतं.

जाताना ताई म्हणाल्या, "डोळा कधी व्हायचाय, मास्तर? की होऊच द्यायचा नाहीये?" उशीर मला खपत नाही. लवकरच देतो म्हणालो. दोघी बहिणी एकमेकींकडे बघून हसल्या. मी कामात कुचराई करतो असं कुणी आजवर म्हटलेलं नाही.

१७ फेब्रुवारी

कालचं बुबुळ पुसून टाकलं. त्यात चूक नव्हती.

बाईंना पुन्हा बोलावलं. म्हणालो, "आज माझ्याकडे बघा."

"आत्ता सुचलं?" त्या म्हणाल्या आणि बघायला लागल्या.

मी शेकडो डोळ्यांत पाहिलं आहे. डोळ्यानं मला पाहिलं ते आज. नवं बुबुळ रंगवताना ब्रश दोनदा खाली ठेवावा लागला.

त्या गेल्यावर शिरांचं काम काढलं. पांढऱ्या भागावर लाल रेशमाचे तंतू पसरायचे असतात, त्यांच्या शिरा दिसतात. तंतू सोडवताना पातं बोटात शिरलं आणि एक धागा रक्तानं भिजला. टाकून देणार होतो. वाळल्यावर पाहिलं, तर रेशमाचा तो नवा, भडक लालपणा गेला होता. तांबूस, थोडा मळका, अगदी जिवंत शिरेसारखा. इतकी वर्षं मी ज्या छटेच्या मागे होतो ती हीच. असा धागा टाकणं माझ्यानं झालं नाही.

तो बसवताना मनातलं तोंडाबाहेर आलं. एकटा माणूस बोलतो कधी कधी. म्हणालो, ही नजर माझ्यावरून हलू नये.

मग वरून पारदर्शक थर घातला, साचा आवळला आणि उकळत्या पाण्यात सोडला.

२१ फेब्रुवारी

बसवला. आजवरचं माझं सर्वोत्तम काम.

सहसा असा डोळा दुसऱ्या डोळ्याच्या थोडा मागून हलतो. मी खुर्चीभोवती फिरलो, मुद्दाम झटकन वळलो. हा अजिबात मागे राहत नाही. ताई बघतच राहिल्या. बाईंनी आरशात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा काही आरशाकडे वळल्या नाहीत.

"आरसा बघ की गं, नीट बघ," ताई म्हणाल्या.

"बघितला," बाई म्हणाल्या, माझ्याकडे बघत.

दातवाल्याला कौतुकानं बोलावलं. त्यानं वाकून बघितलं. एरवी तो मला चिडवतो, "माझे दात निदान चावतात. तुझे डोळे काय करतात? नुसते बसतात." आज चिडवलं नाही. त्या गेल्यावर म्हणाला, "खोटा आधी वळतो रे. खरा त्याच्या मागून."

असूया असावी. मी मोठेपणानं सोडून दिलं.

१ मार्च

ती आज आली. काम नव्हतं. उद्यानात फिरलो. मी डोळ्याची निगा कशी राखायची ते सांगितलं, ती ऐकत होती. तिची नजर क्षणभरही इकडेतिकडे गेली नाही. वाटेत दोन पायऱ्या होत्या, त्या तिला कळल्या नाहीत. मी दंड धरला. मग सोडायचं कारण नव्हतं, म्हणून धरून ठेवला.

परत येताना दातवाला दारातच उभा होता. "नमस्कार बाई," म्हणाला. ती त्याला धडकली. म्हणाली, "अगोबाई, इथे कोणी होतं का?"

दातवाला म्हणाला, "मी काय एवढा बारीक झालो?" तो शंभर किलोचा आहे. मी हसलो. तो हसला नाही.

मी आनंदात आहे. हे लिहून ठेवतो, कारण या वहीत असं वाक्य आधी आलेलं नाही.

८ मार्च

तिच्या दुकानात गडबड झाली. गिऱ्हाइकानं फिका हिरवा मागितला, तिनं करडा करून दिला. मालक चिडले. असं तिच्या हातून कधीच झालेलं नव्हतं.

मी विचारलं, काय होतंय? म्हणाली, "कडेकडेनं पुसल्यासारखं दिसतं, मास्तर. भिंती, माणसं, डबे. सगळ्यांवर कुणीतरी एक हात चुन्याचा मारलाय असं." मग हसून म्हणाली, "तुम्ही तेवढे लख्ख दिसता. शर्टाचं दुसरं बटण वेगळ्या दोऱ्यानं लावलंय."

लावलं आहे. माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी चिठ्ठी दिली: डावा डोळा ठणठणीत. एकाच डोळ्यावर ताण आल्यानं थकवा, विश्रांती घ्यावी. मलाही तसंच वाटतं. एकूण काळजीचं कारण नाही. तिला सोबत लागते, आणि ती सोबत माझी असावी असं तिलाच वाटतं. यात गैर काय?

नवा शर्ट शिवायला टाकला.

१३ मार्च

काय झालं ते जसंच्या तसं लिहितो.

मी बँकेच्या बाजूच्या फुटपाथवर उभा होतो, ती समोरच्या. मधे मोठा रस्ता. भर दुपार, रहदारी तुफान. तिनं मला पाहिलं. चेहरा इतका उजळला की माझाही उजळला असणार. आणि ती निघाली. इकडे बघितलं नाही, तिकडे बघितलं नाही, सरळ माझ्याकडे, अंगणातून चालावं तशी. मी ओरडलो, "थांबा!" ती म्हणाली, "आले, आले." ट्रकवाल्यानं ब्रेक मारला, ट्रक आडवा झाला. आरसा तिच्या खांद्याला घासून गेला. लोक किंचाळले. ती चालतच होती. हसत.

माझ्यापाशी येऊन म्हणाली, "किती वेळ उभे आहात? ऊन आहे ना."

"ट्रक दिसला नाही तुम्हाला?"

"कुठला ट्रक?"

तिच्या बाहीवर रक्त होतं. मागे ड्रायव्हर शिव्या देत होता. ती तिकडे वळलीसुद्धा नाही. आवाज ऐकून तरी माणूस वळतो.

१५ मार्च

तिच्या घरी गेलो. ताईंनी दार उघडलं. एरवी त्या दारातच एखादा टोमणा मारतात. आज नुसत्या बाजूला झाल्या.

"माझ्या हातानं जेवते, पण मी दिसत नाही तिला," त्या हळूच म्हणाल्या. "चाचपून हात धरते माझा. तुम्ही नसता तेव्हा काहीच दिसत नाही. पण तोंड करून बसते, मास्तर. तुमच्या दुकानाच्या दिशेला. परवा संध्याकाळी हळूहळू मान फिरवत होती. मला कळलं, तुम्ही घरी चालला असणार."

मला ते खरं वाटलं नाही. मी बूट काढून अनवाणी, भिंतीपलीकडच्या खोलीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. मग भिंतीच्या फटीतून पाहिलं. ती भिंतीकडे बघत होती. मी होतो तिथे. मी खाली बसलो, तिची नजर खाली आली.

ताईंना म्हणालो, डोळा काढून बघू. काढला आणि पाण्याच्या वाटीत ठेवला. ती म्हणाली, "मास्तर? दिवे गेले का?" आता तिला मीही दिसत नव्हतो. हात पुढे करून हवेत शोधत होती. तिचा तो आवाज मला लिहिता येणार नाही.

मी वाटी उचलायला वळलो. डोळा पाण्यात तळाशी होता. तो वळला. मी वाटीच्या पलीकडे गेलो, तो पुन्हा वळला. त्याला स्नायू नाही, काही नाही. मी ॲक्रिलिकचा, रंगाचा आणि रेशमाचा केला आहे तो. त्यात काय काय आहे हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही.

त्यातलं एक मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. ते आज ताईंना सांगितलं. धागा, आणि त्या वेळी बोललो ते.

त्यांनी आधी वाटीवर ताटली ठेवली. मग म्हणाल्या, "अहो शहाणे, ती आधीपासूनच बघत होती की तुमच्याकडे. टेकडीकडे बघ म्हणालात म्हणून बघितलं बिचारीनं. खिडकीच्या काचेत तुमची पाठ दिसत होती, म्हणून हसली, घरी येऊनही हसत होती. तुम्हाला आणखी काय हवं होतं?"

मी वाटी उचलली. डोळा पुन्हा बसवला. ती म्हणाली, "हां, आले दिवे."

२२ मार्च

काहीही केलेलं नाही.

प्रामाणिकपणे लिहायचं तर करावंसं वाटलं नाही. ती माझ्या दुकानात येऊन बसते. ताई आणून सोडतात. मी काम करतो, ती बघते. मला इतकं कुणी कधी बघितलं नाही. आईनंसुद्धा नाही, तिला आणखी पाच होते. काल ती म्हणाली, "मी इथेच येऊन राहते ना, मास्तर. मग अडचणच राहणार नाही." खरंच राहणार नाही. रस्ता ओलांडायला नको, रंग जुळवायला नकोत. मी असलो की पुरे. हेच तर मागितलं होतं. जगात कितीतरी माणसं एकमेकांशिवाय काही न बघता सुखानं जगतात, असंही स्वतःला सांगून पाहिलं.

दातवाल्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "फोड तो."

"फोडला आणि कायमचा अंधार झाला तर?"

"आणि नाही फोडलास तर?"

"तर मी आहे."

"तू साठी ओलांडशील, पडशील, मरशील. मग?" त्याला नाजूक बोलणं जमत नाही.

२४ मार्च

आज तिच्या अंगात मोरपिशी स्वेटर होता. ती म्हणाली, "ताईनं कुठला घातलाय मला? कसा दिसतो?"

मला काय झालं कोण जाणे. म्हणालो, "राखाडी आहे."

वाट पाहिली. मोरपिशीला राखाडी म्हटल्यावर ही बाई मला खुर्चीसकट उचलून बाहेर टाकेल. मधाला वार्निश म्हणून सुनावणारी बाई ही.

"तुम्ही म्हणता तर राखाडीच असेल," ती म्हणाली.

"नाही, पिवळा आहे."

"मग पिवळा." हसली. गोड हसली.

मी आणखी विचारलं. आकाशाचा रंग, माझ्या भिंतीचा, तिच्या स्वतःच्या डोळ्याचा. मी म्हणेन ते. जे सांगितलं ते तिनं आनंदानं घेतलं. मी समोर बसलो होतो आणि खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

ज्या बाईनं माझ्याकडे बघावं असं मला वाटलं होतं ती इथे नाही. मी तिला कुठे घालवलं?

२६ मार्च

आमच्या कामात एक रीत आहे. बिघडलेला डोळा करणाऱ्यानंच फोडायचा, पण नवा तयार झाल्यावर, म्हणजे खोबण रिकामी राहून आवळत नाही. एवढं सोडून हातात धरण्यासारखं माझ्याकडे काही नाही. नवा बसवायचा आणि जुना फोडायचा. काय होईल ठाऊक नाही.

नवा मी रंगवू शकत नाही. मी समोर असलो की ती माझ्याकडेच बघणार, आणि तोच डोळा पुन्हा होणार. दुसऱ्या कुणीतरी रंगवला पाहिजे, ती लांब बघत असताना.

दातवाल्याला म्हणालो. तो घाबरला. "अरे मी हिरड्या रंगवतो! गुलाबी सोडून दुसरा रंग येत नाही मला."

"जमेल तसा रंगव."

"तू चालवून घेशील?"

"मी बघणारच नाही."

ताई म्हणाल्या, "पण ती लांब बघणार कशी? तिला तुमच्याशिवाय काही दिसतंय का?"

त्याचा विचार मी करून ठेवला होता.

२८ मार्च

सकाळी टेकडीवर गेलो. माझ्या खिडकीतून जिथे आकाश सुरू होतं त्या जागी, एका खडकापाशी उभा राहिलो. इथून दुकान काडेपेटीएवढं दिसतं. आत काय चाललं होतं ते दिसत नव्हतं, पण ठरल्याप्रमाणे चाललं असणार. ती खुर्चीत, दातवाला तिच्यासमोर, ताई रंगाची वाटी धरून. आणि ती लांब बघत होती, कारण त्या लांबच्या टोकाला मी होतो.

बसलो नाही. हललो तर नजर हलली असती. ऊन चढलं, उतरलं. पाय सुजले. एक मेंढपाळ विचारून गेला, "काय हरवलंय का?" नाही म्हणालो.

एवढ्या लांबूनही ते जाणवत होतं. छातीवर कुणीतरी हात ठेवावा तसं. त्या खडकापाशी मी एकदाच रडलो. लांबून तिला अश्रू दिसले नसतील. किंवा दिसलेही असतील, मग मास्तर का रडतात म्हणून ती दातवाल्याला विचारत बसली असेल. तो म्हणतो विचारत होती.

ताईंनी खिडकीत पांढरा टॉवेल फडकवल्यावर खाली उतरलो.

३१ मार्च

नवा डोळा उकळून, घासून तयार झाला. आज ताईंनी तो तिच्या घरी बसवला आणि जुना डबीत घालून माझ्याकडे पाठवला. ती अंधारात आहे, असा निरोप आहे. गप्प बसली आहे.

डबी उघडली. तो माझ्याकडे बघत होता. माझं सर्वोत्तम काम. शेवाळी कडा, वार्निशचा पिवळा, ती शीर. असा डोळा कुणी केलेला नाही आणि मीही पुन्हा करू शकणार नाही.

ऐरणीवर ठेवला. हातोडा उचलला. त्यानं मिटावं असं वाटलं. त्याला पापणी नाही.

पहिल्या घावात तीन तुकडे झाले. प्रत्येक तुकड्यावर बुबुळाचा भाग होता आणि तिन्ही तुकडे घरंगळून थांबले तेव्हा रंगवलेली बाजू माझ्याकडे होती. मग मी भुकटी होईपर्यंत थांबलो नाही. दातवाला पलीकडून भिंत ठोकत ओरडला, "बस कर, बस कर, झालं."

छातीवरचा हात निघाला. मी एकटा आहे असं वाटलं, आणि ते खरंही होतं.

१ एप्रिल

ताई धावत आल्या. दमल्या होत्या, बोलता येत नव्हतं. मग एकदम ओरडल्या, "मला म्हणाली, ताई, काय गं हा रंग केसांना लावलास, झुरळासारखा!" आणि हसत हसत भिंतीला टेकून रडायला लागल्या.

सगळं दिसतं. भिंती, माणसं, डबे.

मी शर्ट बदलून निघालो होतो. ताई म्हणाल्या, आज नको, थकली आहे. बरोबर आहे.

६ एप्रिल

आज ती दुकानात आली, ताईंबरोबर. मी टेबलाशी उभा होतो. उठून उभा राहिलो होतो, खरं तर. दातवाला शेजारी.

ती दातवाल्याला म्हणाली, "ओळखलंत का? मी तुम्हाला धडकले होते." मग खोलीभर बघितलं. माझ्यावरून नजर गेली, खिडकीकडे गेली, परत आली, पुन्हा माझ्यावरून गेली. कुठेही अडली नाही.

"मास्तर नाहीत?"

दातवाल्यानं माझ्याकडे बघितलं. ती एक पाऊल पुढे आली. हातभर अंतरावर. मला तिच्या डाव्या डोळ्यात खिडकी दिसली, टेबल दिसलं, टेबलामागची खुर्ची दिसली. मी नव्हतो.

मी ताईंकडे बघून मान हलवली. त्यांना कळलं. त्यांचा चेहरा पडला, पण त्या बाई खंबीर. "बाहेर गेलेत गं," म्हणाल्या. "येतील."

मी बोललो असतो तर तिनं ऐकलं असतं. मग आवाजाच्या दिशेला बघितलं असतं, आणि जिथे मी आहे तिथे तिला काहीच दिसलं नसतं. मग भीती, मग डॉक्टर, मग 'मास्तर, काहीतरी करा'. आणि मी केलं असतं. मी स्वतःला ओळखतो. मी श्वास धरून उभा राहिलो.

तिनं टेबलावरचा आरसा घेतला आणि उजेडात नवा डोळा पाहिला. कपाळाला आठ्या पडल्या. "हा त्यांनी केलाय?"

दातवाला खाकरला. "त्यांच्याच दुकानातला आहे."

"छे! दोन छटा फिका आहे. कडेचा शेवाळी तर नुसता भाजीवाल्याचा हिरवा झालाय. ठिपकासुद्धा गोल नाही." ती तावातावानं बोलत होती, हात हलवत, आरसा वरखाली करत. मला ते ऐकायचं होतं. प्रत्येक शब्द खरा होता. "त्यांना सांगा, मी परत बसते. खिडकीत बसते, हवं तितकं. म्हणावं, बुबुळ नीट रंगवून द्या."

"सांगतो," दातवाला म्हणाला.

"नक्की सांगा हं. ते चूक ठेवायचे नाहीत." दारापर्यंत गेली, थांबली आणि वळून सगळ्या खोलीवरून एकदा नजर फिरवली. ताईंनी हात धरला आणि दोघी गेल्या. रस्ता ओलांडताना ती थांबली, आधी उजवीकडे बघितलं, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे. मग ओलांडला.

दातवाला बराच वेळ ब्रश उलटसुलट करत बसला. मग म्हणाला, "येईल ती पुन्हा विचारायला. काय सांगू?"

मी म्हणालो, "सांग, मास्तरांना याहून चांगला जमत नाही."